नेटवर्कची केबल जोडली की टीव्हीचं चित्र का फाटतं?

घरात नेटवर्कची नवी केबल ओढली, कॉम्प्युटर झकास पळू लागला आणि त्याच संध्याकाळपासून टीव्हीवर दोन-तीन चॅनल्सचे चौकोन पडू लागले. आवाज मध्येच तुटतो, चेहरा अर्धवट गोठतो, बाकीची चॅनल्स मात्र स्वच्छ. अशा वेळी लोक आधी टीव्हीला दोष देतात, मग अँटेनाला, मग हवामानाला. नेटवर्कच्या केबलकडे सहसा कोणाचं लक्षच जात नाही, कारण बऱ्याच घरांत ती टीव्हीला जोडलेलीही नसते, नुसती त्याच्या मागून गेलेली असते.

हा बिघाड खरा आहे आणि बहुतेक वेळा फारसा खर्च न करता दुरुस्त होतो. फक्त तपासणीआधी खरेदी करू नका. चित्र बिघडायला दोन गोष्टी एकाच वेळी लागतात: एकीकडून काहीतरी गळायला हवं आणि दुसरीकडे ते आत शिरायला फट हवी. यातली एक जरी बंद झाली तरी चित्र सावरतं. नेमकं गळतंय कुठे आणि शिरतंय कुठून, हे न बघता महागडी केबल आणणाऱ्यांचे पैसे वाया गेलेले मी बरेचदा पाहिले आहेत, म्हणून हा लेख.

## केबलमधली वीज हवेत जातेच कशी?

कोणत्याही तारेतून वेगाने उलटसुलट होणारी वीज वाहिली की ती तार थोडीफार अँटेनासारखी वागते. वीज सेकंदाला किती वेळा उलटसुलट होते, त्याला वारंवारता म्हणतात. सेकंदाला दहा लाख वेळा म्हणजे १ मेगाहर्ट्झ. टीव्हीचं हवेतून येणारं प्रक्षेपण साधारण दोन पट्ट्यांत चालतं: एक १७४ ते २३० मेगाहर्ट्झचा आणि दुसरा ४७० मेगाहर्ट्झपासून वरचा. केबल टीव्हीची तार तर यांच्या मधल्या जागाही वापरते.

आता नेटवर्ककडे बघू. १०० मेगाबिट आणि १ गिगाबिट, या दोन्ही प्रकारच्या जोडणीत तारेवर सेकंदाला साडेबारा कोटी खुणा पाठवल्या जातात. ही यंत्रणा बहुतेक उपकरणांत २५ मेगाहर्ट्झच्या स्फटिकावर चालते आणि त्यातून १२५ मेगाहर्ट्झचा ठोका तयार होतो. अशा ठोक्याबरोबर त्याच्या पटीतल्या वारंवारताही थोड्याफार निघतातच: २५०, ३७५, ५००, ६२५ आणि पुढे. यातल्या ५०० आणि ६२५ थेट टीव्हीच्या वरच्या पट्ट्यात पडतात. २५ च्या पटीतल्या १७५, २०० आणि २२५ खालच्या पट्ट्यात पडतात.

सगळी चॅनल्स न बिघडता नेमकी ठरावीक चॅनल्सच का बिघडतात, याचं उत्तर यात आहे. टीव्हीच्या मेन्यूत चॅनलच्या माहितीखाली बऱ्याचदा त्याची वारंवारता लिहिलेली असते. बिघडलेली चॅनल्स या पटींच्या जवळपास निघाली, तर संशयाला चांगलाच आधार मिळतो.

## एवढीशी गळती चित्र कशी बिघडवेल?

हा प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी दोन्हीकडचे आकडे शेजारी ठेवून बघा. १०० मेगाबिटच्या नेटवर्क केबलमध्ये सिग्नलचा चढउतार साधारण २ व्होल्टचा असतो. टीव्हीच्या अँटेना सॉकेटवर १ मिलिव्होल्ट, म्हणजे व्होल्टचा हजारावा भाग, पोहोचला तर तो चांगला सिग्नल समजला जातो. म्हणजे मागून जाणाऱ्या केबलमधला सिग्नल टीव्हीच्या सिग्नलच्या दोन हजार पट आहे. त्यातला बराचसा भाग टीव्हीच्या पट्ट्याच्या खालीच राहतो, हे खरं. पण उरलेल्यातला अगदी किंचित अंश जरी टीव्हीच्या तारेत शिरला, तरी तो तिथे भारी पडतो.

जुन्या अ‍ॅनालॉग टीव्हीवर असा व्यत्यय आला की मुंग्या यायच्या किंवा तिरके पट्टे सरकायचे. चित्र खराब दिसे, पण दिसत राही. डिजिटल प्रक्षेपणात चुका दुरुस्त करायची सोय असते, त्यामुळे थोडा व्यत्यय आला तर प्रेक्षकाला काहीच कळत नाही. चुका त्या सोयीच्या आवाक्याबाहेर गेल्या की चित्र एकदम फुटतं. या काठावर उभ्या असलेल्या टीव्हीला जराशी गळतीही पुरते. काल ठीक असलेला टीव्ही आज केबल ओढल्यावर अचानक बिघडल्यासारखा वाटतो, तो यामुळे.

## मग प्रत्येक घरात असं का होत नाही?

कारण नेटवर्कची केबल मुळात गळू नये अशीच बनवलेली असते. तिच्यात आठ तारा असतात, आणि त्या दोन-दोनच्या चार जोड्यांमध्ये एकमेकींना पीळ घालून बसवलेल्या असतात. जोडीतल्या एका तारेवर वीज वर गेली की त्याच क्षणी दुसरीवर तेवढीच खाली जाते. तराजूच्या दोन पारड्यांत सारखं वजन टाकावं, तसं. काटा मध्येच राहतो आणि बाहेरून बघणाऱ्याला काही हललेलं दिसत नाही. दोन्ही तारांची हवेत जाणारी ऊर्जा एकमेकींना जवळजवळ पूर्ण पुसून टाकते, आणि पिळामुळे दोन्ही तारा सतत जागा बदलत असल्याने कोणतीच एक बाजू वरचढ होत नाही.

जोडीतला हा समतोल कुठे बिघडला, की जेवढा फरक पडतो तेवढी ऊर्जा जोडीतल्या दोन्ही तारांवरून एकाच दिशेने वाहू लागते. मग अख्खी केबल एक लांब अँटेना होते. त्यामुळे केबल सगळीकडे सारखीच गळते, हा समज सोडून द्या. मूळ दोष बहुतेक वेळा एखाद्या टोकाला, सांध्यात किंवा चेपलेल्या भागात असतो. पसरतो मात्र सगळ्या लांबीवर.

## प्लग हातात घेऊन बघा

मला विचाराल तर सगळ्यात जास्त घोळ इथे असतो, म्हणून जरा सावकाश बघू.

केबलच्या टोकाचा पारदर्शक प्लग असा धरा की सोनेरी पट्ट्या तुमच्याकडे, केबल खाली आणि खटक्याची जीभ मागच्या बाजूला राहील. आता डावीकडून रंग वाचा. बरोबर बसवलेल्या प्लगमध्ये क्रम असा दिसतो: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. केशरी आणि हिरव्या जोडीची अदलाबदल केलेला दुसरा क्रमही तितकाच बरोबर आहे, फक्त दोन्ही टोकांना एकच क्रम हवा.

हिरव्या जोडीच्या दोन तारांमध्ये निळी जोडी बसलेली दिसली ना? पहिल्यांदा प्लग बसवणाऱ्याला हे विचित्र वाटतं, आणि तो सरळ हिशेबाने पांढरा-हिरवा, हिरवा, पांढरा-निळा, निळा असं लावून मोकळा होतो. दोन्ही टोकांना तसंच लावलं की एकच्या समोर एक, दोनच्या समोर दोन येतं. साधा दिवे लागणारा टेस्टर आठही दिवे लावून दाखवतो आणि काम पास होतं. पण उपकरण तिसऱ्या आणि सहाव्या पट्टीला एक जोडी समजून सिग्नल पाठवतं, आणि प्रत्यक्षात त्या दोन तारा वेगवेगळ्या जोड्यांमधल्या असतात. त्यांचा एकमेकींना पीळच नसतो. समतोल तिथेच संपला. छोट्या अंतरावर इंटरनेट तरीही चालतं, कधी थोडं मंद, कधी अगदी नीट, पण अशी केबल शेजारच्या तारांना चांगलाच त्रास देते.

क्रम बरोबर असेल तर पुढची गोष्ट म्हणजे पीळ किती उसवलाय. प्लगमध्ये किंवा भिंतीवरच्या सॉकेटमध्ये जोडी जास्तीत जास्त १३ मिलिमीटर उलगडावी, असा कॅट ५ई केबलसाठीचा नियम आहे. घाईत काम करणारे सोयीसाठी दोन-तीन बोटं लांब उलगडतात आणि वरून आवरण ओढून ते झाकतात. आवरण प्लगच्या आत घुसून तिथल्या खटक्याखाली पकडलं गेलेलं नसेल, बाहेरच रंगीत तारा दिसत असतील, तर तो प्लग कापून नवा बसवा. एवढ्याने चित्र सुधारलेली घरं कमी नाहीत.

गालिच्याखालून जाणाऱ्या चपट्या, पट्टीसारख्या केबलवरही लक्ष ठेवा. त्यातल्या स्वस्त प्रकारात पीळ जेमतेम असतो, काहींत नसतोच. टीव्हीच्या मागे ती असेल तर आधी ती बदलून बघावी.

## दोष केबलचाच आहे, हे कसं ठरवायचं?

बिघडलेलं चॅनल लावून ठेवा आणि टीव्हीच्या मेन्यूत सिग्नलची ताकद आणि गुणवत्ता दाखवणारा पडदा उघडा. ताकद भरपूर पण गुणवत्ता घसरलेली किंवा हेलकावणारी दिसली, तर सिग्नल पोहोचतोय पण त्यात काहीतरी मिसळतंय, असा अर्थ निघतो. दोन्ही कमी असतील तर दोष बहुधा अँटेनाचा किंवा तिच्या तारेचा. मग नेटवर्ककडे वळायची घाई नको.

आता राउटर चालू ठेवून नेटवर्कची केबल काढा. गुणवत्ता लगेच वर आली तर वाट बरोबर आहे. पण जे टोक काढलं तेच दोषी, असं मात्र समजू नका. एक टोक काढलं की दोन्ही उपकरणांमधलं बोलणं थांबतं आणि दुसरं टोकही जवळजवळ गप्प होतं. कोणत्याही टोकाने चित्र सुधारतं ते यामुळे.

केबल काढूनही फरक पडला नाही, तर राउटरचा पॉवर अडॅप्टर सॉकेटमधून काढा. स्वस्त अडॅप्टर स्वतःच मोठा गोंगाट करतात आणि त्यांचा आळ पुष्कळदा केबलवर येतो. अडॅप्टर काढल्यावरच चित्र सुधारत असेल, तर तेवढ्याच व्होल्टचा, तेवढा किंवा जास्त अँपिअर देणारा आणि पिनेची ध्रुवता जुळणारा चांगला अडॅप्टर आणून बघा. नेटवर्क केबलमधूनच वीज घेणारे कॅमेरे असतील तर त्यांच्या वीजपुरवठ्याचा गोंगाटही त्याच केबलवरून पसरतो. ते एकेक करून बंद करून बघा.

आणखी एक नेमकी चाचणी कॉम्प्युटर असलेल्यांना करता येते. नेटवर्क कार्डाच्या सेटिंगमध्ये वेग १ गिगाबिटवरून १०० मेगाबिटवर आणा. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटला दोनच. वेग बदलल्याबरोबर टीव्हीवरचा त्रास वाढला, घटला किंवा दुसऱ्या चॅनलवर सरकला, तर व्यत्यय नेटवर्कचाच आहे याबद्दल शंका उरत नाही.

## पण कोणी इंटरनेट वापरत नसतानाही त्रास होतोच की!

होणारच. १०० मेगाबिट आणि गिगाबिटच्या जोडणीत पाठवायला काही नसलं तरी तारेवर भरतीचा सिग्नल सतत चालू असतो, म्हणजे दोन्ही टोकांचा ताळमेळ टिकून राहतो. रात्री सगळे झोपलेले असताना केबल तेवढीच बोलत असते. २०१० च्या सुमारास आलेल्या वीज वाचवणाऱ्या सुधारणेमुळे काही उपकरणं रिकाम्या वेळात शांत बसतात, पण त्यासाठी दोन्ही टोकांच्या उपकरणांत ती सोय चालू असावी लागते. तेव्हा डाउनलोड चालू नव्हतं, म्हणून केबल निर्दोष, हा युक्तिवाद टिकत नाही.

## फट टीव्हीच्या बाजूला असेल तर

अँटेनाची किंवा केबल टीव्हीची गोल तार वेगळ्या पद्धतीने बनते. मध्ये एक तांब्याची तार, तिच्याभोवती पांढरा थर, त्यावर फॉइल आणि धातूची जाळी. बाहेरची ऊर्जा जाळीने अडवायची आणि मधल्या तारेपर्यंत पोहोचू द्यायची नाही, अशी ही रचना. जाळी अखंड असेल तोवर ती छान काम करते.

घराघरांत ती तुटते कुठे? तार कमी पडली म्हणून मधली तार मधल्या तारेला वळून, जाळी जाळीला वळून आणि वरून चिकटपट्टी गुंडाळून केलेला सांधा, ही नंबर एकची फट. तेवढ्या भागात मधली तार उघडीच असते. टीव्हीच्या मागचा प्लग उघडून बघा: जाळीचे दोन-चार केसच धातूच्या कवचाला टेकलेले दिसतील, किंवा अजिबात नाही. शिवाय प्लॅस्टिकचे स्प्लिटर आणि वर्षानुवर्षं गंजलेले जोड असतात. सांधा करायचाच असेल तर दोन्ही टोकांना स्क्रूचे एफ कनेक्टर बसवून धातूच्या जोडाने करा. दाबून बसवायचे कनेक्टर हाताने पिळून बसवायच्या कनेक्टरपेक्षा कितीतरी टिकाऊ असतात. तार जुनी, विरळ जाळीची असेल तर फॉइल आणि दाट जाळी दोन्ही असलेली आरजी-६ तार ओढा.

एक मोह मात्र टाळा. चित्र फुटतंय म्हणून सिग्नल वाढवणारा बूस्टर लावू नका. शिरलेला व्यत्यय बूस्टरच्या आधीच मिसळलेला असेल तर तोही तेवढाच वाढतो, आणि जोरदार सिग्नलमुळे बूस्टर स्वतः गुदमरला तर नवा बिघाड उभा राहतो.

## अंतर आणि काळा मणी

दोन्ही तारा एकाच पट्टीतून, एकमेकींना चिकटून लांबवर गेल्या असतील तर त्या वेगळ्या करा. वीतभर अंतरानेही मोठा फरक पडतो. एकमेकींना ओलांडणं भाग असेल तर काटकोनात ओलांडू द्या. उरलेल्या केबलचं भेंडोळं टीव्हीच्या मागे ठेवू नका.

त्यानंतर फेराइट. चार्जरच्या किंवा मॉनिटरच्या तारेवर जो काळा जाडसर मणी असतो, तो हाच. जोडीतल्या दोन तारांमधून उलटसुलट जाणारा डेटा त्याला जाणवतच नाही, कारण दोन्हींचा परिणाम आत एकमेकांना खोडून टाकतो. पण सगळ्या तारांवरून एकाच दिशेने वाहणाऱ्या गळतीला तो अडवतो. म्हणजे इंटरनेटचा वेग कमी न करता नको ते तेवढं थोपवतो. मिटून बसणारा मणी केबलवर नुसता अडकवला तर परिणाम बेताचा मिळतो. भोक मोठं असेल तर केबलचे दोन-तीन फेरे त्यातून घ्या, कारण दोन फेऱ्यांनी अडथळा ढोबळमानाने चौपट होतो आणि तीन फेऱ्यांनी नऊपट. फार फेरे घेतले तर वरच्या वारंवारतांना उलट वाट मिळते, तेव्हा तिथेच थांबा. मणी राउटरच्या टोकाजवळ बसवा. नेटवर्क केबल थेट टीव्हीतच जात असेल तर टीव्हीजवळही एक हवा आणि अँटेनाच्या तारेवरही एक, कारण तिथे गळती टीव्हीच्या सांगाड्यावरून जाळीवर चढते.

## जाळीवाली नेटवर्क केबल घेतली की झालं ना?

दुकानात हाच सल्ला मिळतो आणि तो अर्धाच बरोबर आहे. नेटवर्क केबलवरची जाळी उपकरणांच्या धातूच्या सॉकेटमधून जमिनीशी जोडलेली असेल तरच उपयोगी. घरगुती राउटरची सॉकेट बऱ्याचदा प्लॅस्टिकची असतात. मग ती जाळी दोन्ही टोकांना लोंबकळत राहते आणि कधीकधी स्वतःच अँटेना होते. आधी साध्या केबलची टोकं नीट करा. त्याने भागलं नाही आणि उपकरणांना धातूची सॉकेट असतील, तरच जाळीवाली केबल आणा.

## प्रमाणित उपकरण असूनही?

राउटरवर प्रमाणपत्राचा शिक्का असतो, तरी त्रास का, असं विचारलं जातं. घरगुती उपकरणांसाठीचं सिस्पर ३२ हे आंतरराष्ट्रीय प्रमाण ३० ते २३० मेगाहर्ट्झमध्ये, १० मीटर अंतरावर, मीटरला साधारण ३० मायक्रोव्होल्टपर्यंत ऊर्जा बाहेर पडू देतं. ही मर्यादा आहे, शून्य नव्हे. त्यातही मोजणी नीट बसवलेल्या केबलने आणि अंतरावरून होते. तुमची केबल टीव्हीच्या तारेला चिकटून असेल आणि तिचा प्लग उसवलेला असेल, तर त्या शिक्क्याचा आधार राहत नाही.

## हे सगळं कोणाला लागू नाही?

चित्र इंटरनेटवरूनच येत असेल आणि अडकत असेल, तर तो वेगळा प्रश्न आहे; तिथे नेटवर्कचा वेग आणि वायफाय तपासा. डिशवरून येणारा सिग्नल घरातल्या तारेत ९५० ते २१५० मेगाहर्ट्झवर असतो. नेटवर्क केबलचा त्रास तिथवर क्वचितच पोहोचतो. डिशची ठरावीक चॅनल्सच फुटत असतील तर आधी घरातला १९०० मेगाहर्ट्झच्या आसपास चालणारा कॉर्डलेस फोन बंद करून बघा.

केबल ओढायचीच नाही असं ठरवून विजेच्या वायरिंगमधून इंटरनेट नेणारे अडॅप्टर लावायचा विचार असेल, तर जरा थांबा. विजेच्या वायरिंगला ना पीळ, ना जाळी, आणि हे अडॅप्टर २ मेगाहर्ट्झपासून काही प्रकारांत ८६ मेगाहर्ट्झपर्यंत सिग्नल सोडतात. केबल टीव्ही असलेल्या घरात एक त्रास जाऊन दुसरा येऊ शकतो. त्यापेक्षा टीव्हीजवळच्या उपकरणासाठी वायफाय बरं, कारण ते २४०० मेगाहर्ट्झ आणि त्याच्या वर चालतं, टीव्हीच्या पट्ट्यापासून खूप दूर. प्रकाशावर चालणारी फायबर केबल थेट खोलीपर्यंत नेता आली तर ती गळतच नाही, फक्त टोकाच्या कन्व्हर्टरचा अडॅप्टर चांगला बघून घ्या.

## आणि त्रास शेजारच्या घरातून येत असेल तर?

घरातली नेटवर्कची सगळी उपकरणं सॉकेटमधून काढूनही चित्र फुटत राहिलं, तर उगम बाहेर आहे. इमारतीत एकाच नळीतून सगळ्यांच्या तारा जात असतील तर हे सहज घडतं. दुसऱ्याची केबल तुमच्या हातात नाही, पण तुमची अँटेनाची तार आहे. तिचे सांधे दुरुस्त केले आणि जाळी अखंड केली, तर बाहेरून येणाऱ्या व्यत्ययालाही तीच भिंत आडवी येते. तेवढ्याने भागलं नाही तर कोणती चॅनल्स, किती मेगाहर्ट्झवर आणि कोणत्या वेळी बिघडतात, हे आठवडाभर लिहून ठेवा आणि तंत्रज्ञाला बोलावताना तो कागद हातात द्या. ताकद आणि गुणवत्तेचे आकडेही त्यावर असू द्या, म्हणजे अँटेना फिरवण्यात त्याचा वेळ न जाता तो थेट तारांची नळी उघडेल.